शीला बरी आहे

नवरात्राच्या सुमाराला आमच्याकडे एका संध्याकाळी एसी बंद करून बघायची हिंमत होते. खिडकीची काच सरकवायला जोर लावावा लागतो, कारण उन्हाळाभर ती हललेली नसते आणि खाचेत बारीक वाळू बसलेली असते. मग वारा येतो. तो काही प्राजक्ताचा वास घेऊन येत नाही. आम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहतो. नावात पार्क असला तरी भोवती कारखाने आणि गोदामं आहेत, त्यामुळे वाऱ्याला थोडा पुठ्ठ्याचा आणि थोडा डिझेलचा वास असतो. पण वारा खरा असतो, यंत्रातून आलेला नसतो. खाली कंपन्यांच्या बसेस थांबतात, दमलेली माणसं उतरतात, कुणीतरी कुणालातरी ‘यल्ला’ म्हणून घाई करतं. आणि मला दर वर्षी नेमकं त्याच वेळी नंगनल्लूर आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

नंगनल्लूर ही चेन्नईच्या विमानतळाजवळची वस्ती. आमची मुक्ता दुबईत वाढली आणि आर्किटेक्चर शिकायला चेन्नईला गेली, तेव्हा तिथे सरोजामामींच्या घरात वरच्या मजल्यावर तिला एक खोली मिळाली. मामी म्हणजे घरमालकीण. खरं तर आमच्या कुणाच्याच मामी नव्हेत, पण त्या गल्लीत साठीच्या पुढची प्रत्येक बाई मामी असते. मुक्ताला दुसऱ्या वर्षी डेंगी झाला, तो मामींनी काढला. मला कळवलं ते ताप उतरल्यावर. “यू आर फार अवे. यू विल ओन्ली क्राय,” असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी मिळेल त्या विमानाने गेले. पोचले तर मुलगी पायरीवर बसून दहीभात खात होती आणि घरात नवरात्राची तयारी चालली होती. रडायचं ते मी तिथे रडले. मामींनी मला रडू दिलं आणि मग कॉफी दिली.

मी ठरवून आठ-दहा दिवस राहिले. मुलीची शुश्रूषा करायला, असं मी म्हणत होते. पण शुश्रूषा करून झालेली होती. मी पाहुणी होते. माझ्याच मुलीकडे.

त्या गल्लीबद्दल काय सांगू? रुंद नव्हती, देखणी नव्हती. बुटकी घरं, त्यांच्यामध्ये मधूनच उगवलेली तीन मजली फ्लॅटची इमारत, प्रत्येक फाटकाशी एक विहीर नाहीतर विहिरीवर घातलेलं झाकण. पहाटे रस्त्यावर पाणी मारल्याचा सपसप आवाज, मग दारादारांत वाकलेल्या बायका, बोटांतून सुटणारी तांदळाच्या पिठाची रेघ. विमानं इतकी खालून जायची की बोलणं थांबवावं लागे. सगळी गल्ली वाक्याच्या मधोमध थांबायची आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू व्हायची. “गल्फ फ्लाइट,” मामी बोट वर करून म्हणायच्या, जणू ते विमान माझ्याच घरी चाललं होतं.

आणि सगळ्यांना मुक्ता माहीत होती. फुलवालीला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या घरातल्या दोघी बहिणींना. मी रस्त्याने चालले की “मुक्ता अम्मा” अशी हाक यायची. मला स्वतःचं नाव असं तिथे नव्हतंच. एकदा समोरच्या थोरल्या बहिणीने मला कारल्याची भाजी आणून दिली आणि म्हणाली, मुक्ताला हीच आवडते. मी हसून मान हलवली. माझी मुलगी कारलं खाते हे मला तेव्हा कळलं. माझ्या घरी ती पानाच्या कडेला काढून ठेवायची.

मी गल्फवाली, त्यामुळे रिकाम्या हाताने गेले नव्हते. खजुराची मोठी खोकी, दुधाच्या पावडरीचा डबा, बदाम, आणि मामींसाठी अत्तराची एक चांगली बाटली, जी निवडायला मी दुकानात तासभर उभी होते. आपल्याकडे उपकार फेडायची ही रीतच आहे: विमानाला चालेल तेवढं वजन होईपर्यंत बॅग भरायची. मामींनी सगळं देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत वाटून टाकलं. खजूर घरोघरी गेले. पावडरीचा डबा इस्त्रीवाल्याच्या बाळंत सुनेला गेला. अत्तराची बाटली फुलवालीला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. रात्री मी मुक्ताला म्हटलं, “अगं, किमतीची तरी कल्पना आहे का यांना?”

मुक्ता मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते; ते तिचं लहानपणापासूनचं. “आई, दॅट फ्लॉवर लेडी केम एव्हरी मॉर्निंग व्हेन आय वॉज सिक. शी सॅट विथ मी सो मामी कुड टेक अ बाथ.”



त्या नवरात्रात घरोघरी गोलू मांडलेला होता. गोलू म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्या. पायऱ्यांवर अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर देव, राजे, वरातीतले वाजंत्री, डाळ-तांदळाच्या ढिगांमागे बसलेला ढेरपोट्या दुकानदार आणि त्याची तितकीच गरगरीत बायको. खाली जमिनीवर वाळू पसरून मुलांनी केलेलं गाव. मामींच्या गोलूतलं गाव मुक्ताने पुठ्ठ्याचं केलं होतं, हीच गल्ली, विहिरींसकट. मी आणलेला दुबईचा शोभेचा उंट तिने विहिरीशी उभा केला. रोज संध्याकाळी बायका या घरातून त्या घरात जायच्या. दारांना कड्या नव्हत्याच म्हणा ना. हातात हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, तिला तिथे सुंडल म्हणतात, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, केसांत मोगरा, निघताना विड्याची पानं, नारळ आणि ब्लाउजपीस. आणि आलेल्या प्रत्येकीला गायचा आग्रह.

मलाही झाला. मला शास्त्रीय-बिस्त्रीय काही येत नाही. मी भोंडल्याचं एक गाणं सुरू केलं, दोन कडव्यांनंतर अडकले आणि मदतीसाठी मुक्ताकडे बघितलं. ती ओशाळून म्हणाली, “आय डोन्ट नो धिस वन, आई.” कशी माहीत असेल? मी कधी शिकवलं होतं, आणि भोंडल्याला लागणाऱ्या बाकीच्या बायका आमच्या इमारतीत मी कुठून आणणार होते! गल्लीतल्या बायकांनी न समजणाऱ्या गाण्यावर टाळ्या धरल्या आणि मला शेवटापर्यंत नेलं.

मामींच्या दारापुढे रोज चपलांचा ढीग पडायचा. रबरी, चामडी, टाच झिजलेल्या, एखादी शाळेच्या बुटांची जोडी. मामी येताजाता पायाच्या अंगठ्याने त्या सरळ करायच्या. मी एकदा मदतीला वाकले तेव्हा म्हणाल्या, “नो चप्पल आउटसाइड मीन्स वॉट हाउस? गोडाऊन!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूप हसल्या. मीही हसले. मी गोदामांच्याच वस्तीत राहते हे त्यांना माहीत नव्हतं.

असंच एका संध्याकाळी, पाच-सहा जणी बसलेल्या असताना, मामींनी विचारलं, “मुक्ता अम्मा, युवर प्लेस, नेक्स्ट डोअर हू?”

साधा प्रश्न. समोरच्या दारात कोण राहतं? मी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. कैक वर्षं त्या इमारतीत काढली होती. लिफ्टमध्ये ‘हाय’ होतं, दार धरून ठेवणं होतं, ‘कौनसा फ्लोअर?’ होतं. नाव एकाचंही नव्हतं. आपण बरं आपलं घर बरं, हे आमच्याकडे शहाणपण समजतात. शिवाय आम्ही सगळेच तात्पुरते. व्हिसा आहे तोवर आहोत, कशाला कुणात जीव अडकवा, असं आम्ही पहिल्या वर्षी म्हणालो होतो, आणि मुलगी कॉलेजात गेली तरी तेच म्हणत होतो. त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. ज्यांनी माझ्या तापलेल्या मुलीच्या कपाळावर आळीपाळीने पट्ट्या ठेवल्या, त्यांना मी काय सांगू, की माझ्या मजल्यावर कुणी मेलं तरी मला वासाने कळेल?

“शीला,” मी म्हटलं. “केरळची आहे.”

“आ, मलयाळी!” सगळ्या खूश झाल्या. मुलं किती? दोन. नवरा? जबल अलीला, पोर्टात. स्वयंपाक कसा? फिश करी एकदम मस्त. आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते, असंही मी सांगून टाकलं. आता थांबावं तर थांबवत नव्हतं. माझ्या शेजारणीचा मला अभिमान वाटायला लागला होता. मुक्ता कोपऱ्यात गजरा ओवत बसली होती. तिने मान वर केली नाही. दोऱ्याची गाठ मात्र दोनदा मारली.

जिन्यात तिने विचारलं, “हू इज शीला?”

“अगं, असंच.”

“यू कुड हॅव जस्ट सेड नोबडी.”

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या खोट्याच्या कपाळी मामींनी कुंकू लावलं. मी निघताना त्यांनी दोन ब्लाउजपीस दिले: एक माझा आणि एक शीलाचा.

मी परत आले आणि दर रविवारी मामींना फोन करायला लागले. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, साधाच फोन करावा लागतो, आणि आमच्या फ्लॅटमध्ये रेंजची कायमची बोंब. बाहेर कॉरिडॉरमध्ये लिफ्टशेजारी उभं राहिलं की ऐकू येतं. पुण्याच्या बहिणीशी, मुक्ताशी, मामींशी, सगळ्यांशी मी तिथेच उभी राहून बोलते. मामींचा दुसरा प्रश्न ठरलेला: “शीला हाउ?” “शीला इज फाइन, मामी,” आणि वर तिच्या केरळच्या माहेराचं, बिल्डिंगमधल्या आमच्या येण्याजाण्याचं काहीबाही मी जोडायची. एकदा त्यांनी शीलाला फोनवर द्यायला सांगितलं, तेव्हा घाईघाईत मी तिला गुडघेदुखी लावून दिली, डॉक्टरकडे गेली आहे म्हटलं. पुढच्या सुट्टीत मुक्ताच्या बॅगेतून शीलासाठी तेलाची बाटली आली. सोबत अप्पलम, म्हणजे तिकडचे उडदाचे पापड. पापड आम्ही खाल्ले. तेल माझ्या नवऱ्याने गुडघ्यांना चोळलं आणि त्याला चक्क गुण आला. “शीलाला विचार, अजून एखादी बाटली मिळेल का,” तो म्हणाला, आणि मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. कपाटाचा खण उघडला की दर नवरात्रात तिच्यासाठी आलेले ब्लाउजपीस दिसतात. मोरपंखी, डाळिंबी, आणि एक पिवळा, ज्याला मामींनी स्वतः टाचणी लावून चिठ्ठीऐवजी हळकुंड बांधलं आहे.

पहिल्या महिन्यात सांगता आलं असतं. ‘मामी, गंमत केली हो,’ एवढंच. पण तेव्हा लाज लहान होती आणि मला ती मोठी वाटली. आता ती खरोखरच मोठी झाली आहे. मामी शीलासाठी देवळात दिवा लावतात.

यंदा मामी इथे आल्या आहेत. अबुधाबीला, मुलाकडे, नातू झाला म्हणून. आठवड्यापूर्वी त्यांचा इथल्या नंबरवरून फोन आला. “मुक्ता अम्मा! संडे आय कम युवर हाउस. नवरात्री. यू कॉल युवर ऑल नेबर्स, लाइक आय कॉल्ड. मुक्ता ऑल्सो कमिंग नो? अँड टेल शीला, नो फिश. ओन्ली फॉर दॅट डे.”

मी “येस येस” म्हणत भिंतीला टेकले. मुक्ता आता शिकून परत आली आहे, इथेच एका ऑफिसात नोकरी करते. ती घरी आल्यावर मी तिला सांगितलं, की शीला गावी गेली म्हणून सांगू; सासू आजारी. मुक्ताने बूट काढता काढता माझ्याकडे पाहिलं. तिने मला कधी टाकून बोललेलं आठवत नाही, तेव्हाही बोलली नाही. “अँड हू विल कम ऑन संडे, आई?” एवढंच विचारलं.

तो खरा प्रश्न होता. शीलाला गावी पाठवता येईल. पण मामींसमोर घर रिकामं कसं दाखवू? त्या सुंडल घेऊन येतील, गल्लीभर पुरेल एवढं. दाराबाहेर त्यांच्याखेरीज कुणाच्या चपला नसतील. त्या काही म्हणणार नाहीत. मला कॉफी करून देतील.

समोरच्या दारापुढे मात्र चपला असतात. मला त्या माणसांपेक्षा त्यांच्या पायताणांची ओळख जास्त. सिमेंटच्या पांढऱ्या धुळीने माखलेले पुरुषाचे सेफ्टी शूज, मुलीचे शाळेचे काळे बूट, एक बाईची सँडल, जिचा पट्टा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला आहे. बिल्डिंगच्या नियमात कॉरिडॉरमध्ये काही ठेवायचं नाही असं आहे. मागे एकदा मी वॉचमनला सहज विचारलं होतं, “ये अलाउड है क्या?” दुसऱ्या दिवशी त्या दारावर नोटीस लागली. मी तक्रार केली नव्हती, नुसतं विचारलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. बाई लिफ्टमध्ये भेटते, डोक्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ, खाली बघणारी. तो स्कार्फ बघून मी तिला मनातल्या मनात कुठल्या कुठे नेऊन ठेवलं होतं आणि ‘कौनसा फ्लोअर’ असं विचारत आले होते, एकाच मजल्यावर राहत असून.

काल संध्याकाळी खिडकी उघडली. वारा आला, पुठ्ठ्याचा वास आला. मी साडी नीट केली आणि समोरची बेल दाबली.

दार उघडलं. मला बघताच तिचा चेहरा उतरला. मी एक शब्द बोलायच्या आत ती खाली वाकली आणि चपला गोळा करायला लागली. “सॉरी सॉरी, अभी उठाती हूँ. वॉचमन बोला था. बच्ची भूल जाती है.” सेफ्टी शूज तिने छातीशी धरले, त्यांची धूळ तिच्या कुर्त्याला लागली. मी “नहीं नहीं, वो नहीं” म्हणत होते, पण तिला ते ऐकूच येत नव्हतं. तिने आत वळून हाक मारली, “सना, ये गं इकडं! बूट घे तुझे आत. मुक्ताच्या आई आल्यात.”

मुक्ताच्या आई. ती हाक मी फक्त नंगनल्लूरला ऐकली होती.

“तुम्ही मराठी?”

“खेडची मी. शमीम.” ती अजून वाकलेलीच होती. “तुम्ही लिफ्टमध्ये हिंदी बोलायच्या ना माझ्याशी. म्हटलं, आपण मराठीत बोललेलं नसेल आवडत.”

“पण मुक्ता... तुम्हाला नाव कसं...”

ती लाजली. चोरी पकडल्यासारखी. “माझा ओटा इथंच आहे, लिफ्टच्या भिंतीला. तुम्ही फोनवर बोलता ते कानावर येतं, ताई. मुद्दाम नाही ऐकत. दुपारचं घरात कुणी नसतं, मराठी ऐकलं की बरं वाटतं. मुक्ताला नोकरी लागली तेव्हा मी ह्यांना सांगितलं होतं.” मग एकदम आठवल्यासारखं तिने वर पाहिलं. “मामी रविवारी येणार ना? आणि शीलाचे गुडघे कसे आहेत आता?”



“मी ह्यांना म्हणते ना नेहमी,” शमीम म्हणाली, “आपल्याच बिल्डिंगमध्ये दोघी किती जीव लावून राहतात. लिफ्टमध्ये कुणी मलयाळी बाई दिसली की वाटतं, हीच शीला असेल. विचारायला धीर नाही झाला. नशीब लागतं, ताई, असं शेजारी मिळायला. कुठल्या मजल्यावर राहतात त्या?”

कॉरिडॉरमध्ये लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं, आत कुणी नव्हतं, मिटलं. गावी गेली, असं म्हणणं अगदी सोपं होतं. तयार होतं माझ्याकडे, सासू आजारी. शमीमने अरेरे म्हटलं असतं, आणि रविवारी ती आणि मामी माझ्या दिवाणखान्यात बसून शीलाच्या सासूसाठी हळहळल्या असत्या. लाज कशाला म्हणतात ते मला इतकी वर्षं ठाऊक आहे असं वाटत होतं. नव्हतं ठाऊक. जिला मी कधी नाव विचारलं नाही, ती भिंतीपलीकडे उभी राहून माझ्या न झालेल्या मैत्रिणीचा हेवा करत होती.

मी वाकले आणि तिच्या हातांतले शूज घेतले. ती सोडेना, मग सोडले. दारापुढे जिथे होते तिथे ते ठेवले, सनाचे काळे बूट त्यांच्याशेजारी, शिवलेल्या पट्ट्याची सँडल त्यांच्यापुढे. मग माझ्या चपला काढल्या आणि पायाच्या अंगठ्याने सरळ केल्या.

“आत येऊ का?” मी विचारलं. “शीलाचं सांगायचं आहे.”